फ्लॉकस : ढगांतील, पानांवरील आणि पाण्यातील लोकरी पुंजके

नभोवेधी (धागाकर्ता)

आकाशात मध्यम उंचीवर कधी कधी ढगांचे लहान लहान पुंजके विखुरलेले दिसतात. त्यांचा वरचा भाग थोडा फुगीर असतो, खालची कड विसविशीत आणि फाटलेली असते आणि पुष्कळदा त्या कडेपासून धूसर शेपट्या खाली लोंबत असतात. हवामानशास्त्रात या ढगांना ‘फ्लॉकस’ म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ लोकरीचा पुंजका असा आहे. वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र, जलशुद्धीकरण आणि शरीररचनाशास्त्र या विषयांतही हाच शब्द थोड्याफार फरकाने वावरत असतो. मी आकाशनिरीक्षणाच्या बाजूने सुरुवात करतो. इतर क्षेत्रांतील जाणकारांनी आपापल्या विषयात हा पुंजका कसा तयार होतो, हे सांगावे, अशी अपेक्षा आहे.

लंडनमध्ये औषधनिर्मितीचा व्यवसाय करणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावे देण्याची पद्धत मांडली आणि सिरस (तंतुमेघ), क्युम्युलस (फुगीर ढिगासारखा ढग), स्ट्रॅटस (थरासारखा ढग) ही नावे तेव्हापासून रूढ झाली. जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात आज ढगांचे दहा मुख्य प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराच्या पोटात आकारानुसार जाती आहेत. फ्लॉकस ही अशीच एक जात आहे, स्वतंत्र प्रकार नव्हे. म्हणून ‘आज फ्लॉकस दिसला’ हे विधान अपुरे राहते. तो मध्यम उंचीवरचा आल्टोक्युम्युलस फ्लॉकस होता की फार उंचावरचा सिरस फ्लॉकस, हे सांगावे लागते. सिरस, सिरोक्युम्युलस आणि आल्टोक्युम्युलस या तीन प्रकारांत ही जात पूर्वीपासून मान्य होती. २३ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जागतिक हवामान दिनी, मेघसंग्रहाची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात खालच्या थरातील स्ट्रॅटोक्युम्युलसलाही ही जात जोडण्यात आली.

या चौघांपैकी आल्टोक्युम्युलस फ्लॉकस हा आपल्याकडे सर्वांत लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे, असे माझे मत आहे. कारण तो नुसता सुंदर दिसत नाही, तर वरच्या हवेबद्दल काही निश्चित माहिती देतो.

पठारावरून

धागा वाचून एक जुना प्रश्न विचारावासा वाटला. आमच्याकडे मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या सकाळी असे तुटक पुंजके आकाशभर पसरलेले असतात आणि वडीलधारी माणसे लगेच म्हणतात, “आज दुपारनंतर वळीव येणार, सरपण आणि कडबा झाकून ठेवा.” पुष्कळदा तसे घडते, पण पुष्कळदा पुंजके नऊ-दहा वाजेपर्यंत विरून जातात आणि दुपारभर नुसते ऊन रणरणते. या समजुतीला शास्त्राचा काही आधार आहे, की घडलेले तेवढे लक्षात राहते आणि न घडलेले विसरले जाते, असा हा प्रकार आहे?

नभोवेधी

आधार आहे, पण तो अर्धा आहे. तो कोणता अर्धा, हे समजण्यासाठी या ढगाची जडणघडण थोडी तपशिलाने पाहावी लागेल.

दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या हवेपासून जो नेहमीचा पांढरा क्युम्युलस ढग तयार होतो, त्याचा तळ सपाट असतो. वर चढणारी हवा थंड होत जाते आणि एका ठरावीक उंचीवर तिच्यातील बाष्प संपृक्त होते. आसपासच्या सगळ्या हवेसाठी ही उंची जवळपास सारखीच असल्यामुळे सगळ्या ढगांचे तळ एका पातळीत दिसतात. फ्लॉकसला असा तळ नसतो, कारण त्याला जमिनीवरून पुरवठाच होत नसतो. त्याचा जन्म ४ ते ७ किलोमीटर उंचीवरच्या एखाद्या पातळ, दमट थरात होतो. रात्रभर त्या थराचा माथा उष्णता अवकाशात टाकून थंड होतो, किंवा संपूर्ण थर हळूहळू वर उचलला जातो. त्याच्या वरच्या हवेत तापमान उंचीनुसार वेगाने घटत असेल, तर थरातील हवेची उलथापालथ सुरू होते. बाष्पाचे पाणी होताना सुटणारी सुप्त उष्णता या उलथापालथीला बळ देते आणि थरातून लहान लहान कोंब वर येऊ लागतात.

हे कोंब एकाच सामाईक तळावर उभे असतात तोवर त्या जातीला कॅस्टेलेनस म्हणतात. तटबंदीवरचे बुरूज रांगेत दिसावेत, असे तिचे स्वरूप असते. पुढे खालची कोरडी हवा मिसळून तो सामाईक तळ बाष्पीभवनाने नाहीसा झाला, की बुरूज एकमेकांपासून सुटतात, त्यांच्या खालच्या कडा फाटतात आणि उरतात ते फ्लॉकस. म्हणजे एकाच सकाळी आधी कॅस्टेलेनस आणि नंतर फ्लॉकस दिसणे अगदी स्वाभाविक आहे. वेधशाळांच्या निरीक्षणसंकेतातही मध्यम ढगांच्या रकान्यात या दोन्ही जातींना मिळून ८ हा एकच अंक दिलेला आहे; कारण हवेच्या स्थितीबद्दल दोघी एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे मधला थर अस्थिर आहे.

आता शेपट्यांविषयी. उष्ण कटिबंधात शून्य अंश तापमानाची पातळी साधारण ५ किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ६-७ किलोमीटरवरच्या ढगातील पाणी शून्याखाली जाऊनही बराच काळ थेंबांच्याच रूपात राहते. अशा अतिशीत थेंबांमध्ये काही हिमस्फटिक तयार झाले, की चित्र झपाट्याने बदलते. बर्फाच्या पृष्ठभागावरील बाष्पदाब पाण्याच्या पृष्ठभागावरील बाष्पदाबापेक्षा कमी असतो, म्हणून बाष्प थेंबांकडून निघून स्फटिकांवर जमा होते. थेंब आटतात, स्फटिक वाढतात आणि जड होऊन खाली पडू लागतात. वेगेनर, बर्जेरॉन आणि फिंडायझेन या तिघांच्या नावाने ही प्रक्रिया ओळखली जाते. पडणारे स्फटिक खालच्या कोरड्या हवेत जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच विरतात. त्या विरणाऱ्या पडद्याला ‘व्हर्गा’ म्हणतात. वारा उंचीनुसार बदलत असेल तर या शेपट्या एका बाजूला वाकतात. पुंजक्यातील पाणी पूर्णपणे संपले, तर मागे फक्त हिमस्फटिकांचा रेशमी फराटा राहतो आणि नवख्या निरीक्षकाला तो मूळचाच तंतुमेघ वाटतो.

तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांचे अनुमान असे मांडता येईल : सकाळी मधला थर अस्थिर असल्याची खूण दिसली आहे, दुपारी जमीन तापून खालची दमट हवा त्या थरापर्यंत पोहोचली, तर तिला तिथे अडथळा होणार नाही, उलट ती अधिक वेगाने वर जाईल आणि गर्जन्मेघ तयार होईल. या वाक्यातील ‘तर’ हाच न दिसणारा अर्धा भाग आहे.

मोजमाप

त्या ‘तर’वर अधिक जोर द्यायला हवा, असे मला वाटते. आकाश पाहून भाकीत करणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, परंतु फ्लॉकस केवळ एका थराची साक्ष देतो. खालच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये बाष्प किती आहे, मध्ये उष्ण हवेचे झाकण आहे का आणि हवा वर ढकलणारे काही कारण, उदाहरणार्थ दोन भिन्न वाऱ्यांची सीमारेषा, जवळपास आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या पुंजक्यांत नाहीत. ती मिळवण्यासाठी फुग्याला उपकरण बांधून सोडावे लागते. आपल्याकडे मुंबई, नागपूर, गोवा अशा ठिकाणांहून असे फुगे पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी सोडले जातात आणि त्यांचे आलेख कोणालाही महाजालावर पाहता येतात.

विदर्भाचे उदाहरण घेतो. मे महिन्यात दुपारचे तापमान ४४ अंश आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्प संपृक्त होते ते तापमान) १४ अंश असेल, तर दोहोंत ३० अंशांचा फरक पडतो. प्रत्येक अंश फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर सरकतो, या ढोबळ नियमाने तो जमिनीपासून ३,७५० मीटरवर जातो. अशा ढगातून पाऊस पडला तरी खाली येईपर्यंत त्यातील बहुतांश आटतो, त्या बाष्पीभवनाने हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते आणि आपल्या वाट्याला येते ती धुळीची वावटळ, छपरांचे पत्रे उडवणारा वारा आणि चार टपोरे थेंब. त्याच सकाळी पश्चिम महाराष्ट्रात अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यामुळे दवबिंदू २२ अंश आणि तापमान ३८ अंश असेल, तर तळ २,००० मीटरवर येतो आणि खरा वळीव कोसळतो. दोन्हीकडे सकाळचे पुंजके अगदी सारखे दिसलेले असू शकतात.

पठारावरून

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. आमच्याकडे जुनी माणसे पुंजक्यांबरोबर आणखी एक गोष्ट पाहत, हे यावरून आठवले : सकाळी अंगाला चिकचिक होते का आणि मिठाच्या बरणीतले मीठ ओलसर लागते का. म्हणजे मोजमाप म्हणतात तो खालच्या थरातील बाष्पाचा अंदाज ते आपल्या परीने घेत असत. वाऱ्यांच्या सीमारेषेचा अंदाज मात्र घरबसल्या येण्यासारखा नाही, हे मान्य.

रानवाटा

वनस्पतींच्या बाजूने काही भर घालते. वनस्पतिवर्णनांत ‘फ्लॉकोज’ हे विशेषण लवेच्या एका विशिष्ट प्रकारासाठी वापरतात आणि ते सैलपणे वापरले, तर ओळख चुकण्याचा संभव असतो. पानावर दाट, गुंतलेली, नमद्यासारखी लव बसलेली असेल, तर तिला टोमेंटोज म्हणतात. लांब, मऊ, लोकरीसारखे केस असतील, तर लॅनेट म्हणतात. फ्लॉकोजचा विशेष असा, की ही लव पुंजक्यापुंजक्यांनी असते आणि चोळली असता किंवा पान जून झाले असता पुंजक्यांच्याच रूपात निघून येते. युरोपात वाढणाऱ्या व्हर्बॅस्कम वंशातील एका जातीचे पान हे याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. त्या जातीचे एक जुने शास्त्रीय नावच मुळी व्हर्बॅस्कम फ्लॉकोसम असे होते.

आपल्याकडे हा अनुभव घ्यायचा असेल तर रुईचे कोवळे पान पाहावे. त्यावरची पांढरी लव बोटाने चोळली, की सहज सुटते आणि खालचा हिरवा पृष्ठभाग उघडा पडतो. जुन्या पानाच्या वरच्या बाजूला ती जवळजवळ नसतेच. (रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, तो डोळ्याला गंभीर इजा करतो.) अशा लवेमुळे पानालगत स्थिर हवेचा एक पातळ थर राहतो, बाष्प बाहेर पडण्याचा वेग कमी होतो आणि प्रखर ऊनही काही प्रमाणात परावर्तित होते. कोवळ्या पानाला या संरक्षणाची गरज अधिक असते, त्यामुळे लव गळण्याचा काळही बरोबर जुळतो.

रुईच्याच फळातून उडणारी ‘म्हातारी’ मात्र फ्लॉकोज या सदरात येत नाही. तिथे केसांचा झुबका एकेका बीच्या टोकाला असतो आणि त्याचे काम उडण्याचे असते. त्याला ‘कोमा’ असे वेगळे नाव आहे. सावरीच्या बोंडातील कापूस आणखी निराळा असतो, कारण तो बीपासून नव्हे तर फळाच्या आतल्या भिंतीपासून येतो. दिसायला तिन्ही पांढरे आणि मऊ आहेत, पण उगमस्थान तीन ठिकाणी आहे.

भूछत्रांमध्येही हे विशेषण फार उपयोगी पडते. काही जातींच्या कोवळ्या छत्रीवर आवरणाचे तुकडे लोकरी पुंजक्यांसारखे चिकटून राहतात. एक जोराची सर आली, की ते धुऊन जातात. त्यामुळे पावसानंतर काढलेल्या छायाचित्रावरून भूछत्र ओळखण्याचा आग्रह मी तरी धरत नाही.

ऊसकरी

लोकरी पुंजक्यांचा विषय निघाला आणि आम्हा ऊस उत्पादकांना लोकरी मावा ही उसावरची कीड आठवणार नाही, असे होणे शक्य नाही. २००२ साली सांगली भागात तो दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यात आणि कर्नाटकात पसरला. पान उलटे केले, की मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या लोकरीचा थर दिसायचा. कपड्यांना, केसांना तो पांढरा भुसा लागायचा, खालच्या पानांवर चिकट स्राव पडायचा आणि त्यावर काळी बुरशी चढून सगळा फड काजळल्यासारखा व्हायचा. फवारणीला उसाच्या दाट फडात शिरणेच अवघड होते. शेवटी मित्रकीटकांनी हात दिला. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक ही दोन नावे त्या काळात आमच्याकडे घरोघरी पाठ झाली होती.

माझा प्रश्न असा आहे : ही लोकर खरोखर केसांची असते का? कारण हाताला ती कोरडी लागत नसे, किंचित मेणचट लागत असे.

रानवाटा

आपल्या हाताने अचूक निरीक्षण केले आहे. ते मेणच असते. लोकरी माव्याचे शास्त्रीय नाव सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा असे आहे आणि त्याच्या पाठीवरील ग्रंथी मेणाचे अतिसूक्ष्म धागे बाहेर टाकतात. असे शेकडो धागे एकत्र आले, की लोकरीचा भास होतो. पिठ्या ढेकणाच्या अंगावरील पांढरी भुकटी आणि त्याच्या अंड्यांभोवतीचा कापसासारखा गोळा हेही मेणच असते. पावसाळ्यात सह्याद्रीतील झुडपांवर पांढऱ्या पिसांचा झुबका चालताना दिसतो, ती फुदकणाऱ्या तुडतुड्यांच्या नात्यातील पिल्ले असतात आणि त्यांच्या शेपटीकडचा झुबकाही मेणाचा असतो.

केस आणि मेण यांत फरक करायचा असेल, तर सुई तापवून पुंजक्याला टेकवावी. मेण लगेच वितळून गोळा होते. वनस्पतीची लव वितळत नाही, ती करपते. या मेणाचे दोन मोठे फायदे आहेत. पाणी त्यावरून ओघळून जाते, म्हणून साध्या पाण्यात मिसळलेले कीटकनाशक अंगापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यासाठी द्रावणात पसरणारा घटक मिसळावा लागतो. दुसरा फायदा असा, की हे कीटक स्वतःच सतत चिकट गोड स्राव टाकत असतात आणि मेणाचे आवरण नसेल, तर दाटीवाटीने राहणारी ती वसाहत आपल्याच स्रावात अडकून मरेल.

जलाभियंता

माझ्या क्षेत्रात तर ‘फ्लॉक’ हा रोजचा शब्द आहे आणि तिथे त्याचे सौंदर्य कोणी पाहत नाही, त्याचे आकारमान आणि वजन पाहतात.

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते, त्यातील मातीचे सर्वांत बारीक कण कितीही वेळ वाट पाहिली तरी तळाशी बसत नाहीत. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि कलिल अवस्थेत, म्हणजे न बसता पाण्यात विखुरलेले, तरंगतात. त्यात तुरटी घातली, की ॲल्युमिनियमचे धनभारित घटक कणांवरील भार निष्प्रभ करतात, शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट, जेलीसारखा साका तयार होऊन त्यात कण गुंततात. घरच्या हंड्यात तुरटी फिरवली, की थोड्या वेळाने पाण्यात जे पांढुरके पुंजके तरंगताना दिसतात ते हेच फ्लॉक होत. तुरटी नसे तिथे निवळीचे बी उगाळून पाण्यात फिरवण्याची रीत होती आणि शेवग्याच्या बियांनीही हेच काम होते; त्या बियांतील धनभारित प्रथिने तिथे उपयोगी पडतात.

जलशुद्धीकरण केंद्रात हे काम दोन टप्प्यांत होते आणि त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. सुरुवातीला तुरटीचे द्रावण पाण्यात वेगाने मिसळावे लागते, जेणेकरून ते काही सेकंदांत सगळीकडे पोहोचेल. त्यानंतर मात्र पाणी अगदी संथ ढवळावे लागते. कण एकमेकांवर हलकेच आदळले पाहिजेत, चिकटले पाहिजेत आणि पुंजका वाढला पाहिजे. इथे घाई केली, तर तयार झालेले फ्लॉक फुटतात, आणि फुटलेले फ्लॉक पुन्हा तितके मोठे होत नाहीत. आपल्याकडे बहुतेक केंद्रांत जी मोठी गोल टाकी दिसते, तिला क्लॅरिफ्लॉक्युलेटर म्हणतात. तिच्या मधल्या कप्प्यात पुंजके वाढतात आणि बाहेरच्या कप्प्यात ते खाली बसतात. तुरटीची मात्रा रोज पाण्याच्या नमुन्यावर ‘जार टेस्ट’ करून ठरवावी लागते, कारण मात्रा कमी पडली तर पुंजके बनत नाहीत आणि प्रमाणाबाहेर गेली तर कणांवर उलट भार चढून ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ पाणी, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

निसर्गातही हेच घडते. नदीचे गढूळ पाणी खाडीत खाऱ्या पाण्याला भेटते, तेव्हा मिठातील आयनांमुळे कणांमधील प्रतिकर्षणाची पोच आखडते, चिखलाचे पुंजके बनतात आणि गाळ तिथेच बसू लागतो. कोकणातील खाड्या गाळाने भरण्याची कारणे अनेक आहेत, पण त्यांत हेही एक कारण आहे.

मोजमाप

चर्चा रंजक आहे, परंतु एक शंका मांडतो. ढगाचा पुंजका तळ नाहीसा झाल्याने सुटा होतो, म्हणजे तो तुटण्यातून तयार होतो. रुईच्या पानावरील पुंजका पेशींच्या वाढीतून येतो, माव्याचा पुंजका स्रावातून आणि पाण्यातील पुंजका विद्युतभार निष्प्रभ झाल्याने कण जोडले जाऊन बनतो. चारही ठिकाणी कारण वेगळे आहे. मग केवळ दिसण्यावरून दिलेल्या एका शब्दाखाली हे सगळे आणण्यात शास्त्रीय लाभ कोणता? उलट, ‘ढगातही पाण्यातल्यासारखे फ्लॉक्युलेशन होते’ असा भलताच समज वाचकाचा होऊ शकतो.

नभोवेधी

तो समज होऊ नये, याबाबत पूर्ण सहमत आहे. ढगातील थेंब विद्युतभारामुळे एकमेकांना चिकटून फ्लॉकस बनत नाही, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

तरीही ही चर्चा एकत्र करण्यात मला लाभ दिसतो. आकार हा निरीक्षणाचा पहिला टप्पा आहे. कारणे माहीत नसतानाही तो नोंदवता येतो, आणि हॉवर्ड यांची पद्धत टिकली ती नेमकी याच कारणाने. त्यांच्या काळात वरच्या हवेचे तापमान मोजण्याचे नियमित साधन नव्हते, अतिशीत थेंबांची आणि हिमस्फटिकांची देवाणघेवाण कोणाला ठाऊक नव्हती, पण आकारांची नोंद शिस्तीने होत राहिली आणि कारणे नंतर त्या नोंदींत बसवता आली. उलटपक्षी, एखाद्या क्षेत्रात आकारावरून नाव दिले गेले आणि पुढे कारण कळल्यावर ते मागे पडले, असेही घडलेले आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी कॅल्शियमच्या प्रकाशात सूर्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा सूर्यबिंबावर दिसणाऱ्या तेजस्वी ठिगळांना त्यांनी ‘फ्लॉक्युली’ म्हटले होते. त्या जागी चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते, हे पुढे कळले. आज त्यांना ‘प्लाज’ म्हणतात आणि फ्लॉक्युली हा शब्द जुन्या लेखांतच आढळतो. कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून घेतलेल्या अशा छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे आणि सूर्याच्या चुंबकीय इतिहासाचा अभ्यास करणारे आजही त्याचा उपयोग करतात.

ढगांच्या बाबतीत मात्र शब्द टिकला, कारण तिथे आकार आणि कारण यांचे नाते पक्के निघाले. फाटका तळ दिसला, की पुरवठा तुटला आहे. फुगीर माथा दिसला, की वर अस्थिरता आहे. शेपटी दिसली, की स्फटिक तयार झाले आहेत.

निवृत्त वैद्य

शरीररचनाशास्त्राचा उल्लेख धाग्याच्या आरंभी आला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. लहान मेंदूच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक छोटा लोंबता भाग असतो, त्याला ‘फ्लॉक्युलस’ म्हणजे लहान पुंजका म्हणतात. डोके हलत असतानाही नजर एका वस्तूवर स्थिर ठेवण्याच्या कामात, म्हणजे आतील कानाकडून येणाऱ्या संदेशांनुसार डोळ्यांची हालचाल जुळवून घेण्यात, त्याचा वाटा असतो. लोकरीशी त्याचा संबंध केवळ बाह्यरूपापुरता आहे. प्राणिशास्त्रात सस्तन प्राण्यांच्या शेपटीच्या टोकावरील गोंड्यालाही फ्लॉकस म्हटलेले जुन्या ग्रंथांत सापडते.

ऊसकरी

जलाभियंता यांना एक विचारायचे आहे. आमच्या नदीकाठच्या काही जमिनी वर्षानुवर्षे पाटपाणी देऊन चोपण झाल्या आहेत. पाऊस पडला, की माती लोण्यासारखी होते, पाणी आत जिरत नाही आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. कृषी विभागाचे लोक जिप्सम घालायला सांगतात. यातही पुंजक्यांचाच खेळ आहे का?

जलाभियंता

होय, तोच खेळ आहे. फक्त दिशा उलटी झाली आहे. चोपण जमिनीत मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढलेले असते. सोडियमचा आयन एकच धनभार वाहतो आणि पाण्याचे जाड आवरण घेऊन बसतो, त्यामुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, मातीच्या पोकळ्यांत जाऊन बसतात आणि निचऱ्याचे मार्ग बंद करतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातील कॅल्शियमवर दोन धनभार असतात. तो सोडियमला कणांवरून हटवतो आणि कण पुन्हा पुंजक्यांनी एकत्र येतात. पुंजक्यांच्या मध्ये पोकळ्या राहतात, त्यांतून पाणी आणि हवा खेळते.

मात्र एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. हटवलेला सोडियम पाण्याबरोबर जमिनीबाहेर जायला हवा. चर काढलेले नसतील किंवा निचऱ्याची सोय नसेल, तर तो तिथेच राहतो आणि जिप्समवरचा खर्च वाया जातो. आधी निचरा, मग माती परीक्षणानुसार जिप्सम, आणि नंतर भरपूर गोडे पाणी, हा क्रम पाळावा. जमीन नुसती क्षारयुक्त असेल, चोपण नसेल, तर जिप्समची गरज नसते. म्हणून परीक्षणाशिवाय पोती आणू नयेत.

सातासमुद्रापार

मी इंग्लंडच्या दक्षिण भागात राहतो. इथे उन्हाळ्यात कधी कधी स्पेनच्या पठारावर तापलेली हवा उत्तरेकडे सरकते. हवामानखात्याचे लोक त्या स्थितीला ‘स्पॅनिश प्लूम’ म्हणतात. अशा दिवशी सकाळी आल्टोक्युम्युलस कॅस्टेलेनस आणि फ्लॉकस यांचे पट्टे दक्षिणेकडून येताना दिसतात आणि रात्रीपर्यंत मेघगर्जना होण्याचा संभव बराच असतो. इथल्या वादळांपैकी काही तर जमिनीशी संबंध न ठेवता त्याच मधल्या थरातून वाढतात, त्यामुळे ती रात्रीही येतात. दख्खनच्या वळवाचे इंजिन दुपारच्या उन्हावर चालते, इथे ते सक्तीचे नाही. म्हणून एकच ढग पाहून काढायचा निष्कर्ष प्रदेशानुसार बदलतो.

एक व्यावहारिक अडचण आहे : आल्टोक्युम्युलस फ्लॉकस आणि सिरोक्युम्युलस फ्लॉकस यांतला फरक छायाचित्रावरून मला नीट ठरवता येत नाही.

नभोवेधी

नुसत्या छायाचित्रावरून तो ठरवणे खरोखरच अवघड असते, कारण त्यात कोन कळत नाही. प्रत्यक्ष पाहताना हात पूर्ण लांबवून बोटांनी मोजावे. क्षितिजापासून ३० अंशांपेक्षा वर असलेला पुंजका करंगळीच्या रुंदीमागे, म्हणजे सुमारे १ अंशात, झाकला गेला तर तो सिरोक्युम्युलस. करंगळीहून मोठा पण तीन बोटांमागे, म्हणजे सुमारे ५ अंशांत, मावणारा असेल तर आल्टोक्युम्युलस. त्याहून मोठा असेल तर स्ट्रॅटोक्युम्युलस. यावरून आकाराचा अंदाजही येतो. डोक्यावर ६ किलोमीटर उंचीवर असलेला १ अंशाचा पुंजका साधारण १०० मीटर रुंद असतो आणि ५ अंशांचा ५०० मीटरहून थोडा अधिक. दुसरी खूण सावलीची आहे : सिरोक्युम्युलसच्या घटकांवर करडी छटा नसते, आल्टोक्युम्युलसच्या पुंजक्यांना ती बहुधा असते. सिरस फ्लॉकसचे पुंजके १ अंशाहून मोठेही असू शकतात, पण ते सुरुवातीपासून हिमस्फटिकांचे असल्यामुळे त्यांची पोत धाग्यांची, रेशमी दिसते.

या धाग्यावर छायाचित्रे टाकणाऱ्यांनी वेळ, ठिकाण, कॅमेऱ्याची दिशा आणि बोटांनी मोजलेली रुंदी सोबत लिहावी. शक्य असल्यास अर्ध्या तासाने त्याच दिशेचे दुसरे छायाचित्र घ्यावे, म्हणजे तळ विरत चालला आहे की नवे कोंब वर येत आहेत, हे पाहता येईल. मोजमाप यांनी त्या दिवशीचा सर्वांत जवळचा फुग्याचा आलेख शेजारी दिला, तर सकाळची नोंद आणि दुपारचे प्रत्यक्ष हवामान येथेच ताडून पाहता येईल.

मोजमाप

देईन. फक्त पुंजके दिसूनही पाऊस न आलेल्या दिवसांची छायाचित्रेही सर्वांनी तितक्याच नेमाने टाकावीत, ही माझी अट आहे.